नरकासुराच्या रात्री दर उतरला

3 नोव्हेंबर 2021 ची रात्र. वाड्यावरच्या पोरांचा नरकासुराचा पुतळा उभा होत होता, स्पीकर छातीत धडधडत होता आणि मी ओसरीवर सकाळसाठी कारीटं पुसून ताटात ठेवत होते. तेवढ्यात पात्रांवांचा फोन आला. "बाय, सांजेची डिप किती?"

पात्रांव म्हणजे आमचे पंपमालक. गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पात्रादेवीच्या नाक्याच्या अलीकडे, गोव्याच्या बाजूला, महामार्गालगत त्यांचा पंप. तिथे मी तेरा वर्षं हिशेब लिहिले. जमिनीखालच्या टाकीत खुणांची लांब काठी सोडायची, ती किती ओली झाली ते बघायचं आणि तक्त्यावरून लिटर काढायचे, याला डिप म्हणतात. दिवाळीची गर्दी होणार म्हणून त्याच दिवशी दुपारी टँकर उतरवून घेतला होता. मी सांगितलं, पेट्रोल बारा हजार, डिझेल पंधरा. पलीकडे नुसती शांतता. मग म्हणाले, "टीव्ही लाव."

केंद्राने अबकारी कर कमी केला होता, पेट्रोलवर पाच रुपये, डिझेलवर दहा. डेपोत माल उचलताना आम्ही करासकट पैसे भरलेले, आणि उजाडता विकायचा तो नव्या दराने. ढोबळ मानाने पेट्रोलचे साठ हजार आणि डिझेलचे दीड लाख टाकीतल्या टाकीत आटले. वर गोवा सरकारने आपल्या करातून दोन्हींवर आणखी सात-सात रुपये सोडले. पहाटे नरकासुर जळाला, पायाखाली कारीट फुटलं, घरोघरी फोव झाले. पात्रांवांनी काय खाल्लं ते मी विचारलं नाही.

गिऱ्हाइकं मात्र आम्हाला म्हणत होती, "एवढे कमी करता येत होते, मग इतके दिवस लुटलंत कशाला?"

ही समजूत मला शेवटपर्यंत कुणाच्या डोक्यातून काढता आली नाही. दर पंपवाला ठरवत नाही. त्याला लिटरमागे तीन-चार रुपये कमिशन मिळतं. त्यातून पोरांचे पगार, विजेचं बिल आणि उन्हाळ्यात हवेत उडून जाणारं पेट्रोल, सगळं भागवायचं. नाक्यापलीकडच्या, महाराष्ट्रातल्या बांद्याचे माझे मामा आले की मी पावतीच्या पाठीवर आकडे मांडून दाखवायची. कच्च्या तेलाचं एक पिंप म्हणजे 159 लिटर. पिंपाला 80 डॉलर आणि डॉलरला 83 रुपये धरले, तर लिटरला बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. मामा म्हणायचे, "मग वरचे पैसे खंय गेले?" थोडे जहाजभाडं, रिफायनरी, वाहतूक आणि आमचं कमिशन यांत. बाकी मोठा वाटा केंद्राचा अबकारी आणि राज्याचा व्हॅट. शिवाय रिफायनरीचा दर नुसता कच्च्या तेलावर ठरत नाही. आखाती बाजारात तयार पेट्रोलला काय भाव चाललाय तेही बघतात. रुपया घसरला तर जगात तेल जागच्या जागी असूनही आपल्याकडे महागतं.

या दोन करांची जात वेगळी आहे, आणि मला वाटतं सगळी गंमत तिथेच आहे. अबकारी लिटरमागे ठरावीक रुपयांत असतो. व्हॅट असतो टक्क्यांत, तोही अबकारी धरून झालेल्या किमतीवर. म्हणजे तेल महागलं की राज्याची तिजोरी आपोआप फुगते, कुणी बोटही हलवायला नको.

याचं उलटं टोक आम्ही गोव्यात बघितलंय. 2012 च्या मार्चमध्ये पर्रीकर मुख्यमंत्री झाले आणि एप्रिल लागताच त्यांनी पेट्रोलवरचा व्हॅट 0.1 टक्क्यावर आणला. शंभर रुपयांवर दहा पैसे! लिटरमागे एकदम अकरा रुपये उतरले, पेट्रोल पंचावन्नच्या आसपास आलं. आमच्या पंपावर जत्रा लोटली. बांदा, सावंतवाडी, पार दोडामार्गाकडच्या मोटरसायकली, मागे बसलेल्याच्या मांडीवर रिकामे कॅन. कॅनमध्ये द्यायचं नाही म्हटलं की भांडण ठरलेलं. मामा रविवारी मासळीच्या निमित्ताने यायचे आणि गाडीतूनच ओरडायचे, "काय गो, दर कालचोच मा?" पलीकडच्या बाजूचे पंपवाले तेव्हा माश्या मारत होते. तेल दोन्हीकडे तेच, टँकरही सारखेच. मधे फक्त एक नाका.

त्याच मे महिन्यात कंपन्यांनी देशभर करांशिवाय 6 रुपये 28 पैसे वाढवले. दिल्लीत व्हॅट धरून ते 7.54 झाले, आमच्याकडे 6.28 वर जेमतेम पैसा चढला. टक्क्यांचा कर कसा चिकटतो ते मला त्या दिवशी वहीत दिसलं. बी.कॉम.ला एवढं कळलं नव्हतं.

पुढे 2014 च्या मध्यापासून कच्चं तेल कोसळत गेलं. 115 डॉलरवरून 2016 च्या जानेवारीत तिशीच्या खाली. आता पेट्रोल निम्म्यावर येणार म्हणून लोक वाट बघत राहिले. पण दर थोडा खाली सरकला की त्या जागेत केंद्राचा अबकारी येऊन बसायचा. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात तो नऊ वेळा वाढला, पेट्रोलवर एकूण 11.77 रुपये. गोवा सरकारनेही 0.1 टक्का सोडून व्हॅट टप्प्याटप्प्याने वर नेला. उतरलेल्या तेलाचा फायदा झाला नाही असं नाही, तो पंपापर्यंत पोचायच्या आधीच वाटला गेला. सरकारला रस्ते बांधायचे असतात, पगार द्यायचे असतात, हे मला कळतं. पण चढताना "जागतिक बाजार" म्हणायचं आणि उतरताना गप्प बसायचं, हे मला पटलेलं नाही.

जून 2017 पर्यंत दर पंधरवड्याला बदलायचा, 1 आणि 16 तारखेला. वाढ होणार अशी कुणकुण लागली की आदल्या रात्री रांग थेट महामार्गावर यायची. कमी होणार असेल तर पात्रांव टँकरच मागवायचे नाहीत, टाकी तळाला आणून ठेवायचे. त्यांचं ते कसब होतं. 16 जून 2017 पासून रोज पहाटे सहाला दर बदलू लागला आणि ते कसब संपलं. पाच-दहा पैशांसाठी कोण रांग लावणार?

रोज म्हणायचं, पण तेही मनाला येईल तेव्हा. त्या नरकासुराच्या रात्रीनंतर दर जो थबकला तो थबकलाच. 2022 च्या फेब्रुवारीत आमच्याकडे विधानसभेचं मतदान झालं, युक्रेनचं युद्ध पेटलं, मार्चच्या सुरुवातीला तेल 130 डॉलरच्या वर जाऊन आलं, तरी आमच्या बोर्डावरचा आकडा हलला नाही. 10 मार्चला निकाल लागले. 22 तारखेपासून ऐंशी-ऐंशी पैशांनी सुरू झालं, सोळा दिवसांत चौदा वेळा, एकूण दहा रुपये. नाक्यावरचा एक पायलट, म्हणजे मोटरसायकलवर भाडं नेणारा, रोज शंभराचं घालायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तो मीटरकडे बघत म्हणाला, "बाय, म्हजे शंभर रुपया ल्हान जाले मगो."

त्याच एप्रिलअखेर मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी डिप घेतली, पेट्रोल नऊ हजार दोनशे. पात्रांवांनी आकडा बघितला आणि विचारलं, "उद्या टँकर मागवू की नको?"

मी म्हटलं, आता ते तुम्ही आणि दिल्ली बघा.