कुकडीच्या काठाने: नाणेघाट ते निघोज

नाणेघाटाच्या कड्यावर पावसाची फाटाफूट होते. कड्याबाहेर पडलेलं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्र गाठतं. चार पावलं अलीकडे पडलेलं मात्र कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा फेरा घालत बंगालच्या उपसागराला जातं. आम्ही या दुसऱ्या पाण्यामागे निघालो.

कुकडीचा उगम मानतात पूर गावातल्या कुकडेश्वरापाशी. मंदिर दगडी, कोरीव. घाईत उरकू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात गेलात तर आजूबाजूचे ओढेही वाहते मिळतात. पुढे माणिकडोह धरणाचा फुगवटा लागतो. तो बघायला चावंड किल्ला चढावा. जुन्नर मागे टाकून ओझरला विघ्नहराच्या घाटावर पोचलो, तर तिथलं पाणीही येडगाव धरणाचंच. वाहती नदी बघायला आलेल्याची जरा निराशा होते खरी.

पण खरी गंमत येडगावातच आहे. घोड नदीवरच्या डिंभे धरणाचं पाणी कालव्याने इथे आणतात आणि इथून डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातो. नकाशात कुकडी घोडला मिळते. कालव्यात घोडच कुकडीकडे येते! या पाण्यावर ऊस फोफावला आणि उसात बिबट्या मुक्कामाला आला. त्यामुळे अंधार पडल्यावर बांधाबांधाने, विशेषतः एकट्याने, चालू नका. मुलांना पुढे पळू देऊ नका.

खाली बंधाऱ्यांमागून बंधारे. ते सगळे बघायची गरज नाही, थेट निघोजचं कुंड गाठा. इथे नदी पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांच्या हद्दीवरून वाहते, दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं आहेत. पुरात भोवऱ्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसॉल्ट पोखरून रांजणखळगे केलेत. काही एकमेकांत फुटून नदीची अरुंद घळच झाली आहे. हे आशियात सर्वांत मोठे असल्याचं जो तो सांगतो. मोजदाद कुणी केली कोण जाणे, पण बघायला त्याची गरज पडत नाही.

भर पावसाळ्यात खळगे पाण्याखाली जातात. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ चांगली, मात्र धरणातून पाणी सोडलंय का ते गावात आधी विचारा. कड गुळगुळीत आणि पाणी खोल, त्यामुळे पोहणं आणि टोकावरचे फोटो टाळा. नाणेघाटाजवळच्या घाटघरकडे एसटी मोजक्याच, तेव्हा जुन्नर स्थानकातच परतीची वेळ विचारून घ्या. निघोजला शिरूरहून जाणं सोयीचं. स्वतःची गाडी असेल तर टाकळी हाजीच्या बाजूनेही कुंडाशी पोचता येतं.