बळीने विचारलेला प्रश्न

गेली २२ वर्षे मी दशावतारी नाट्यमंडळात पायपेटी वाजवतो आणि पदे गातो. आमच्याकडे हे काम करणाऱ्याला ‘बुवा’ म्हणतात. रंगमंचाच्या एका बाजूला मी, माझ्याशेजारी मृदंगवाला आणि झांजवाला, असे आम्ही तिघे रात्रभर बसलेले असतो. समोर एक लाकडी बाकडे असते; तेच सिंहासन, तेच पर्वत आणि तेच यज्ञमंडप. वेंगुर्ले तालुक्यातील एका गावात चैत्रातल्या एका रात्री जे घडले, ते लिहून ठेवावे असे बरेच दिवस मनात होते.

कार्तिकात गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की आमचा पेटारा घराबाहेर पडतो, तो पावसाच्या तोंडावरच परत येतो. हिवाळ्यात देवस्थानांच्या ठरलेल्या जत्रा असतात. मग महाशिवरात्रीला कुणकेश्वराची यात्रा येते आणि त्याच सुमारास, तिथीला बांधलेली नसलेली आंगणेवाडीची जत्राही होते. शिमग्यात प्रत्येक गाव आपापल्या देवाच्या मागे नाचत असतो. उत्तरेला रत्नागिरीकडे नमन-खेळे, आमच्या बाजूला रोंबाट. पाडव्यानंतर मात्र दशावताराला पुन्हा बहर येतो. मंदिरांचे वर्धापनदिन, सत्यनारायणाच्या पूजा, आंब्या-काजूच्या दिवसांत घरी आलेले चाकरमानी, या सगळ्यांमुळे एकही रात्र रिकामी जात नाही. दिवसा गाडीत किंवा देवळाच्या ओवरीत झोप काढायची आणि संध्याकाळी पुढचे गाव गाठायचे.

ज्यांनी दशावतार पाहिलेला नाही, त्यांना एक गोष्ट सांगितल्याखेरीज पुढचे कळणार नाही. आमच्या नाटकाला लिखित संहिता नसते. कोणते आख्यान लावायचे, हे मालक यजमानांशी बोलून ठरवतात, आणि आपापल्या ट्रंकेवर आरसा ठेवून तोंड रंगवत असतानाच कलाकारांना भूमिका कळतात. प्रवेशांचा क्रम तेवढा सांगितला जातो. राजाने काय बोलायचे, राणीने काय उत्तर द्यायचे, हे ज्याने त्याने उभ्या जागी रचायचे असते, आणि तेही शुद्ध ग्रंथभाषेत. मालवणी बोलायची मुभा पूर्वरंगातल्या संकासुराला आणि एखाद्या विनोदी पात्राला. म्हणून आमच्यात पाठांतर दांडगे असलेल्या कलाकारापेक्षा समोरच्याचे ऐकणारा कलाकार मोठा मानला जातो. बुवाचे कामही तेच आहे. पात्राचा स्वर कुठे चढला, वाक्य कुठे संपत आले, हे ओळखून पद उचलायचे. पद एक मात्रा लवकर आले तर वाक्य मरते आणि उशिरा आले तर प्रसंग मरतो.

त्या रात्री बळी-वामनाचे आख्यान लागले होते. नेहमी वामन करणारा आमचा मुरलेला कलाकार तापाने घरी राहिला होता, त्यामुळे मालकांनी ते काम १९ वर्षांच्या एका नवख्या मुलाला दिले. अंगाने तो बारीक आणि बुटका होता, छत्री-कमंडलू घेऊन उभा राहिला की डोळ्यांना खराच बटू वाटे. बळीचे काम आमच्या एका तरण्याबांड नटाकडे होते. पावसाळ्यात तो रिक्षा चालवतो, पण रिक्षात त्याच्याजवळ कायम एखादी पोथी असते.

सभामंडपात बसायला जागा नव्हती. गणपती, रिद्धि-सिद्धि, सरस्वती झाले, संकासुराने पोरांना हसवून घेतले आणि एकच्या सुमारास आख्यानाला तोंड लागले. नर्मदेच्या तीरावर बळीचा यज्ञ, बटूची मागणी, गुरू शुक्राचार्यांचा विरोध, झारीच्या तोटीत त्यांचे शिरणे आणि दर्भाच्या टोकाने त्यांचा डोळा जाणे, हे सगळे रंगत गेले. वामनाने दोन पावलांत त्रिभुवन व्यापले. आता तिसऱ्या पावलासाठी बळीने मस्तक पुढे करायचे, एवढाच क्रम उरला होता.

पण बळी बाकड्यावरून उठून पुढे आला आणि मस्तक न झुकवता म्हणाला, “देवा, मस्तक मी देणारच आहे, शब्द दिला आहे. पण एक विचारतो. मी दान दिले ते बटूला. पावले टाकली ती विश्वरूपाने. मागणाऱ्याने मागताना आपले रूप लपवले, तर ते दान होते की फसवणूक?”

मंडपात क्षणभर शांतता पसरली आणि मग मागच्या बाजूने टाळ्या उठल्या. एक म्हातारे गृहस्थ मोठ्याने म्हणाले, “बळीचा बराबर आसा!” आमचा प्रेक्षक शेतकरी आहे. दिवाळीच्या पाडव्याला ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ असे त्याच्या घरातल्या बायका म्हणतात, त्यामुळे त्याचे मन कोणत्या बाजूला आहे, हे वेगळे सांगायला नको. प्रश्न खरा होता, आणि म्हणूनच वामन गप्प झाला. मुलाचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. बळीच्याही चेहऱ्यावर मला भीती दिसली. आपण सहकाऱ्याला कोंडीत पकडले आहे, हे त्याला उमगले होते, परंतु विचारलेला प्रश्न मागे घेता येत नाही.

पडद्याआडून मालक हाताने खुणावत होते की पद घ्या आणि प्रसंग पुढे ढकला. बळीने मस्तक टेकल्याचे नेहमीचे पद माझ्या ओठांवर तयार होते. ते घेतले असते तर नाटक सुरळीत संपले असते, पण त्या म्हाताऱ्याला आणि त्याच्यासारख्या पाचशे माणसांना उत्तर मिळाले नसते. देवाला उत्तर सुचले नाही म्हणून पेटी वाजली, असे कुणाला वाटणे मला सहन झाले नसते. भागवताच्या आठव्या स्कंधात या प्रसंगाचा शेवट वेगळ्याच ठिकाणी होतो: बळीला सुतळात पाठवल्यावर विष्णू स्वतः त्याच्या दारात पहारेकरी म्हणून राहतो. मी मृदंगवाल्याकडे पाहून लय उतरवायची खूण केली आणि अगदी सावकाश, प्रत्येक शब्द त्या मुलाच्या कानापर्यंत पोहोचेल असा, सुचेल तसा चरण गायलो:

‘तीन पावलांचे ऋण फेडाया,
उभा द्वारी हरी राहिला.’

पहिल्यांदा तो नुसता माझ्याकडे पाहत राहिला. मी चरण पुन्हा घेतला. दुसऱ्या आवर्तनात ‘द्वारी’ या शब्दावर त्याने मान वर केली. पद संपताच तो बळीजवळ गेला आणि स्वर न चढवता बोलला, “बळीराजा, मी रूप लपवले, हे खरे आहे. तू दिलेस त्याची परतफेड त्रिभुवनात कुठेही नाही. म्हणून आजपासून तुझ्या दाराशी हातात गदा घेऊन मी उभा राहीन. माझ्यावर ऋण आहे, तोवर मी तुझा द्वारपाल.”

बळीने मस्तक झुकवले तेव्हा त्या नटाच्या डोळ्यांत पाणी होते. मृदंगाची थाप पडली, पण टाळ्या लगेच आल्या नाहीत. समोरच्या एका बाईने पदर डोळ्यांना लावला आणि तो म्हातारा हात जोडून उभा राहिला. या कामात टाळ्या मी पुष्कळ ऐकल्या आहेत. तसली शांतता फार थोड्या वेळा लाभली.

पहाटे पेटारा बांधताना बळी माझ्या पाया पडायला आला. “बुवा, चुकलो काय मी?” असे त्याने विचारले. मी नाही म्हटले आणि वामनाला जवळ बोलावून आठवा स्कंध वाचायला सांगितला. दुपारी गाडीत तो बळीच्याच पोथीत डोके घालून बसलेला मला दिसला.

पंधरा दिवसांनी कुडाळजवळच्या एका गावात मालकांनी मुद्दाम तेच आख्यान लावले आणि तोच प्रश्न-उत्तराचा प्रसंग करायला सांगितला, कारण त्याची वार्ता सगळीकडे पसरली होती. बळीने प्रश्न विचारला, टाळ्याही पडल्या. माझी बोटे पेटीवर गेली, मृदंगवाल्याने लय उतरवली, आणि मी चरण उचलण्याआधीच वामनाने उत्तर देऊन टाकले.