सांगलीहून पारोच्या त्सेचूला: आईला घेऊन केलेला भूतान

मी हौशी नाटकांची रंगभूषा आणि वेशभूषा करते. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा खेळ केला तो आमच्या सांगलीत, त्यामुळे या कामाचा इथे प्रत्येकालाच थोडाफार अभिमान असतो. भूतानमधल्या मुखवट्यांच्या नाचाचे फोटो पाहिल्यापासून एकच मनात होतं: हे मुखवटे चढतात कसे, आणि ते घालून माणूस तासन्‌तास नाचतो कसा, हे समोर बसून बघायचं.

हे नाच त्सेचूत होतात. भूतानमध्ये जवळपास प्रत्येक जिल्ह्यात वर्षातून एकदा त्सेचू भरतो. बौद्ध गुरु पद्मसंभवांच्या नावाने भरणारा हा उत्सव तिथल्या चांद्र पंचांगाप्रमाणे येतो, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. पारोचा त्सेचू साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतो. बहुतेक टूरमध्ये थिंफू, पुनाखा, पारो अशी ठिकाणं भराभर उरकतात आणि त्सेचू सापडला तर तासाभराचा. मला ते नको होतं. मी आधी त्सेचूच्या तारखा धरल्या आणि मग त्यांच्याभोवती बाकीचं बसवलं. कुणालाही मी हाच क्रम सांगेन.

आई सत्तरीच्या पुढची. पासपोर्ट नाही. भारतीयांना भूतानसाठी व्हिसा लागत नाही, परवाना लागतो, आणि त्यासाठी किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. आधार चालत नाही. एका ट्रॅव्हल एजंटने मला छातीठोकपणे सांगितलं होतं, ‘आधारवर होऊन जाईल मॅडम.’ त्याच्यावर विसंबले असते तर सीमेवरूनच परतावं लागलं असतं.

आईचं मतदार कार्ड होतं, पण २०१९ च्या पुरात कपाटाच्या खालच्या खणात राहिलेलं. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि आमच्या तळमजल्यावर छताला टेकायचं बाकी होतं. कार्डाच्या प्लॅस्टिकमध्ये गाळ शिरून फोटोचा नुसता काळा डाग उरला होता. शिवाय बाबांच्या नावात एक अक्षर चुकीचं. दोन्हींवर इलाज एकच, फॉर्म ८. पत्ता बदल, दुरुस्ती, खराब झालेल्या कार्डाच्या जागी नवं कार्ड, सगळं याच फॉर्मवर होतं. मतदार पोर्टलवर तो भरला, संदर्भ क्रमांक आला आणि मग वाट बघणं सुरू झालं. आमच्या भागाच्या बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या, शाळेतल्या बाई. शाळा सुटल्यावर उन्हातनं चालत घरी आल्या, आईला समोर बसवून कागद पाहिले, चहा घेतला आणि म्हणाल्या, ‘काकू, यावेळी नाव नीट वाचून घ्या, परत माझी फेरी नको.’ आईने चष्मा लावून अक्षर न्‌ अक्षर तपासलं. कार्ड पोस्टाने घरी आलं. या कामाला आठवडे जातात, म्हणून वसंतातल्या त्सेचूला जायचं असेल तर दिवाळीच्या सुमारासच फॉर्म भरून टाका.

पुढचं सोपं गेलं. ऑनलाइन अर्जाला फोटो, कार्ड आणि हॉटेलचं बुकिंग जोडलं. भूतान सरकार पर्यटकांकडून शाश्वत विकास शुल्क घेतं, भारतीयांना माणशी एका रात्रीला १२०० रुपये. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मं, त्याहून लहानांना माफ. दोघींचं मिळून एका रात्रीचे २४०० म्हटल्यावर नातेवाइकांनी डोळे मोठे केले. मला ते पैसे जड वाटले नाहीत. रस्त्यात, देवळाच्या आवारात, नदीकाठी कुठेही कचरा नाही आणि गर्दी अंगावर येत नाही. आपल्याकडच्या थंड हवेच्या ठिकाणांची सुट्टीतली अवस्था बघितली की याची किंमत कळते.

मिरजेहून पुणे, पुण्याहून विमानाने कोलकाता, आणि सियालदहहून रात्रीची कांचनकन्या एक्स्प्रेस. सकाळी जाग येते तेव्हा गाडी उत्तर बंगालमध्ये असते. सेवकजवळ तिस्ता ओलांडली की डुआर्सचे चहाचे मळे आणि जंगल सुरू होतं. हत्तींमुळे गाडी मध्येच हळू होते. हासीमाराला उतरून गाडीने जयगावला गेलो. जयगाव भारतात, आणि तिथून फाटक ओलांडलं की भूतानचं फुंटशोलिंग. अलीकडे हॉर्न, रिक्षा आणि फेरीवाले, पलीकडे सगळं एकदम निवांत. घड्याळही अर्धा तास पुढे करावं लागतं. इमिग्रेशनच्या खिडकीत फोटो आणि बोटांचे ठसे घेतले. आईचे ठसे मशीनवर उमटेनात. घरकामात बोटं झिजलेली. तिथल्या मुलीने ओलं फडकं दिलं, तिचा एकेक अंगठा स्वतःच्या हाताने दाबून धरला, आणि झालं. तिथलं चलन नगुल्ट्रम आणि आपला रुपया यांचा भाव एकच असल्याने हिशेबाची डोकेदुखी नव्हती.

आता त्सेचू. पारोत पहिल्या दिवशीचे नाच झोंगच्या, म्हणजे तिथल्या किल्लेवजा मठाच्या, आतल्या चौकात होतात आणि पुढचे दिवस बाहेरच्या फरसबंद पटांगणात. आम्ही सकाळी लवकर जाऊन पायरीवर सतरंजी टाकली. पुरुष घो घालून, बायका रेशमी किरा नेसून, लेकराबाळांसह, डबे घेऊन येत होत्या. तिकीट नाही, खुर्ची नाही.

मुखवटे लाकडी, कोरीव, चांगले वजनदार. मला वाटलं होतं नाचणारा मुखवट्याच्या डोळ्यांतून बघत असेल. जवळून पाहिलं तर मुखवटा कपाळावर वर चढवलेला, आणि नाचणारा बघतो तो मुखवट्याच्या उघड्या तोंडातून. डोक्याभोवती आणि हनुवटीखाली कापडाच्या पट्ट्या घट्ट गुंडाळलेल्या, म्हणजे लाकूड घासत नाही आणि गिरकी घेताना हलत नाही. एक नाचणारा कडेला येऊन पट्टी सैल करत होता. कपाळावर लाल वळ, मान घामाने चिंब. वीसेक वर्षांचा भिक्खू असेल. दुसऱ्याने पट्टी पुन्हा आवळली, मागे गाठ मारली, आणि हा झांजेच्या ठोक्यावर बरोबर आत शिरला. मी स्पर्धांच्या विंगेत हेच काम करत आले आहे. त्या गाठीकडे मी फार वेळ बघत होते. सांगलीला आल्यावर आमच्या राक्षसाच्या मुखवट्याला तशीच पट्टी केली. तालमीत तो एकदाही सरकला नाही.

शेजारी बसलेल्या आजींनी आईला डोमा दिला. विड्याचं पान, चुना आणि ओली सुपारी. त्या सुपारीला वास उग्र, आणि खाल्ली की कानशिलं तापतात. आईने तोंड वाकडं न करता तो संपवला आणि पिशवीतून भडंग काढून त्यांच्या ओंजळीत ओतला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. दुपारपर्यंत आजींच्या नातवाने अर्धी पिशवी रिकामी केली होती.

दुपारी मृतांच्या न्यायनिवाड्याचा खेळ झाला. प्रचंड मुखवट्याचा शिंजे येऊन बसला, बैलाच्या तोंडाचा त्याचा मंत्री आला. पापी माणसाची आणि पुण्यवानाची कर्मं पांढऱ्या-काळ्या खड्यांनी तोलली गेली. एकाला काळ्या कापडावरून नरकाकडे ओढत नेलं, दुसऱ्याला पांढऱ्यावरून वर. आम्हाला कुणी काही समजावलं नव्हतं. आई माझा दंड धरून म्हणाली, ‘अगं, हा तर यमच की! आणि तो हिशेब मांडणारा चित्रगुप्त.’ शिंजे म्हणजे आपलाच यमधर्म, हे मी वाचून गेले होते. तिने ते बघून ओळखलं. मधेमधे लाल मुखवट्याचे अत्सारा प्रेक्षकांत घुसून चेष्टामस्करी करत होते. आपल्या जुन्या नाटकातल्या विदूषकाचं काम तेच.

शेवटच्या दिवशी पहाटे अंधारात थोंगड्रोल उलगडतात. इमारतीची अख्खी भिंत झाकणारं गुरु पद्मसंभवांचं रेशमी चित्र. नुसतं पाहिलं तरी पाप जातं अशी श्रद्धा आहे, आणि ऊन पडायच्या आत ते गुंडाळून ठेवतात. आई काकड्याला उठणारी, तिनेच मला उठवलं. थंडी मात्र जबरदस्त होती, कानटोपी आणि जाड मोजे हवेतच.

पारोजवळच्या कड्यावरच्या ताकत्सांग मठाला मी एकटी गेले. घोडा फक्त अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहापर्यंत, पुढे पायऱ्याच पायऱ्या, आणि उंची ३१२० मीटर. गुडघे दुखत असतील त्यांनी आग्रह धरू नये.

दोचुला खिंडीतून पुनाखाला मात्र दोघी गेलो. तिथला झोंग १६३७-३८ मध्ये पो छू आणि मो छू या नद्यांच्या संगमावर बांधलेला आहे. हरिपूरच्या संगमावर लहानपण गेलेली आई पुलावर थांबली आणि तिने पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. आमचा गाईड हिंदी चांगलं बोलायचा. त्याने सांगितलं, १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये वर डोंगरातलं लुग्गे त्सो हे हिमनदीचं सरोवर फुटलं, पो छूला लोंढा आला, माणसं गेली, झोंगचंही नुकसान झालं. आता खोऱ्यात धोक्याचे भोंगे बसवले आहेत.

‘भोंगा वाजल्यावर वेळ किती मिळतो?’ आईने विचारलं. ‘गुरं कुठं नेता?’ मग तिने त्याला कोयनेतून पाणी सोडल्याचा आकडा आम्ही कसा ऐकतो, वारणा फुगली की हरिपूरला काय होतं, तळमजल्यावरचं सामान कोणत्या क्रमाने वर चढवायचं, सगळं मोडक्या हिंदीत सांगितलं. तोही आपल्या आजीचं घर नदीपासून किती लांब ते हाताने दाखवत होता. पुढे एक देऊळ बघायचं ठरलं होतं. ते राहिलं, आणि आईने त्याचं नावही काढलं नाही.