सांताक्लॉजच्या मूळ गावी: तुर्कस्तानातलं देमरे

अंताल्याच्या बस स्टँडवरून देमरेला मिनीबस मिळतात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आतलं, पण तीन तास धरून चला. डावीकडची खिडकी पकडा, समुद्र त्याच अंगाला आहे. फिनिकेनंतर रस्ता कड्याला चिकटून वळणं घेतो; गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. देमरे आलं की जिकडे तिकडे टोमॅटोची हरितगृहं.

चौथ्या शतकात इथे मायरा नावाचं शहर होतं आणि निकोलस तिथला बिशप. हुंड्याच्या पैशांअभावी तीन बहिणींची लग्नं अडली होती. त्यांच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, अशी कथा आहे. आपल्या माणसांना ती फोड करून सांगावी लागत नाही. भेटी वाटणारा सांताक्लॉज पुढे याच संतावरून घडला.

त्याचं चर्च आता म्युझियम आहे. नदीच्या गाळाने आजूबाजूची जमीन इतकी वर आली की आत जायला खाली उतरावं लागतं. रंगीत संगमरवरी फरशी आणि विटत चाललेली भित्तिचित्रं सावकाश बघा. त्याची म्हणून दाखवतात ती दगडी शवपेटी फुटलेली आहे. अस्थी 1087 मध्ये बारीच्या खलाशांनी इटलीला नेल्या. तरीही रशियन भाविक तिच्यापुढे हात जोडून उभे असतात, तेव्हा फोटोची घाई करू नका. बाहेरच्या दुकानांत त्याच्या तसबिरी मिळतात, घासाघीस चालते.

मायराची कड्यात कोरलेली थडगी दोनेक किलोमीटरवर आहेत, तिकीट वेगळं. टूरवाले एवढंच दाखवून केकोवा बेटाच्या बोटीत बसवतात आणि आंद्रियाके वगळतात. माझ्या मते चूक तिथेच होते. हे मायराचं बंदर. दुष्काळात निकोलसने इजिप्तहून राजधानीकडे निघालेल्या जहाजांतून लोकांसाठी धान्य मागून घेतलं, आणि पुढे मोजल्यावर ते तसूभरही कमी भरलं नाही, असं सांगतात. चमत्कार माना किंवा नका मानू, रोमन सम्राट हेड्रियनच्या काळातलं दगडी धान्यकोठार तिथे अजून उभं आहे, मुख्य दारावर त्याचा आणि राणी सबिनाचा अर्धपुतळा कोरलेला. आत लिशियन संस्कृतीचं, म्हणजे या किनाऱ्यावरच्या प्राचीन लिशिया प्रांताचं, म्युझियम केलंय. गावातून टॅक्सी करा आणि परतीचंही आधीच ठरवून ठेवा. आवारात सावली कमी, उन्हाळ्यात सकाळीच उरका.

मुक्कामाला काश हे किनाऱ्यावरचं गाव बरं. तिथून पुढे पातारा, म्हणजे निकोलसचं जन्मगाव, सहज होतं.