काळी डबी

रविवारी दुपारी जेवणं आटोपली आणि नाशिकहून मावशीचा फोन आला. "अरे, तुझ्याकडे आपल्या घराचा फोटो असेल ना? तू त्या वर्षी कॅमेरा घेऊन आला होतास बघ." आपलं घर म्हणजे गुहागरकडचं. माझं आजोळ, तिचं माहेर. ते पाडून आता बरीच वर्षं झाली. मी म्हटलं, "आहे की. हार्ड डिस्कवर आहे. दहा मिनिटांत पाठवतो."

फोटो गेला गुरुवारी रात्री.

कारण मधल्या काळात माझा लॅपटॉप बदलला होता. जुन्याने अकरा वर्षं काढली. शेवटी शेवटी त्याची बिजागरी निखळली होती आणि पडद्यामागे उशी लावून त्याला आजाऱ्यासारखं बसवावं लागायचं. नवा पापडासारखा पातळ आहे. इतका पातळ, की त्याला भोकंच नाहीत. म्हणजे आहेत, दोन, टाइप-सी, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि माझ्या हार्ड डिस्कची वायर एका टोकाला चौकोनी, जुन्या यूएसबीची, आणि दुसऱ्या टोकाला ते रुंद, चपटं, मधे खाच असलेलं तोंड, जे घरातल्या दुसऱ्या कशालाही बसत नाही.

अशा प्रसंगांसाठीच मी एक डबा बाळगून आहे. बिस्किटांचा, पत्र्याचा, झाकणावर घोडागाडी. बायको त्याला कचरा म्हणते. त्यात नोकियाचा बारीक पिनेचा चार्जर आहे, प्रिंटरची जाडजूड वायर आहे, मॉनिटरची ती दोन स्क्रूवाली निळी आहे, आणि एक दोन तोंडांची यूएसबी आहे जिचं प्रयोजन मी स्वतः विसरलो होतो. यांतलं काहीही मी टाकणार नाही. टाकलेली वायर तिसऱ्या दिवशी लागते, हा माझा अनुभव आहे. ठेवलेली वायर मात्र कधीच लागत नाही, हाही माझाच. त्या दुपारी सगळा डबा चटईवर ओतला, हवं ते नव्हतं. मग कोपऱ्यावरच्या मोबाइलच्या दुकानात गेलो. पोराने मान वर न करता विचारलं, "टाइप-सीला जोडायचं ओटीजी ना काका? त्यापेक्षा हब घ्या चार तोंडांचा. पुढे उपयोगी पडेल." 'पुढे उपयोगी पडेल' या तीन शब्दांपुढे मी कायम हरत आलो आहे.

हबला डिस्क जोडली. निळा दिवा लागला. आतून टिक असा आवाज आला. मग परत टिक. मग घुर्र, आणि शांत. मग परत टिक. ज्याने हा आवाज एकदा ऐकलाय त्याला पुढचं सांगायला नको. पोटात खड्डा पडतो. त्यातच पडद्यावर ती सूचना आली: डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? किती साळसूदपणे विचारतात! जशी काही पाटी पुसून द्यायची आहे. मी माऊसवरचा हात काढून मांडीखाली घेतला आणि भाच्याला फोन लावला.

"मामा, हबमधून पॉवर पुरत नसेल. थेट जोड." त्याचं बरोबर होतं. या काळ्या डबीच्या आत खरोखरीची तबकडी आहे, बहुधा मिनिटाला ५४०० फेरे घेणारी, आणि तिला फिरवायला मोटर आहे. जुन्या यूएसबीचं भोक जेमतेम ५०० मिलिअँपिअर द्यायचं, म्हणून एके काळी डिस्कबरोबर दोन तोंडांची वायर यायची: एक तोंड जेवायला, एक बोलायला. तर ही ती वायर! मी डब्याकडे आणि मग बायकोकडे पाहिलं. ती पेपर वाचत होती.

दुसऱ्या दिवशी साधं ओटीजी आणलं आणि थेट जोडलं. आता तबकडी फिरली. बारीक घूं असा सुखाचा आवाज. लॅपटॉपने टिंग केलं. पण यादीत डिस्क नाही. सी आहे, बाकी शुकशुकाट. काढली, टुंग. लावली, टिंग. म्हणजे फाटक वाजतंय, चपला काढल्याचा आवाज येतोय, आणि दारात माणूस नाही.

बुधवारी भाचा आला. त्याच्याकडे मॅक आहे. त्याने डिस्क लावली आणि सगळी यादी धडाधड समोर. माझा जीव भांड्यात पडला. पण गंमत अशी की मॅकला माझ्या डिस्कवरचं सगळं दिसतं, वाचता येतं, काही लिहिता मात्र येत नाही. एकही अक्षर नाही. ती विंडोजच्या पद्धतीने, एनटीएफएसमध्ये बांधलेली, आणि मॅक स्वतःहून तिथे फक्त बघ्या. मी म्हटलं, म्हणजे सोवळं. भाच्याला सोवळं कळलं नाही. त्याच मिनिटाला त्याच्याकडून फोटो शोधून घेतला असता तर मावशीला बुधवारीच मिळाला असता. पण मला तो माझ्या कॉम्प्युटरवर उघडायचा होता. आता यात काय तत्त्व होतं ते मला सांगता येणार नाही.

"डिस्क मॅनेजमेंटमध्ये बघ," जाता जाता तो म्हणाला. तिथे ती होती. धडधाकट, निळी पट्टी, खाली 'हेल्दी' असं प्रशस्तिपत्रक. फक्त नाव नव्हतं. कॉम्प्युटरने तिला ओळखलं होतं, घरात घेतलं होतं, आणि अक्षर द्यायचं विसरला होता. अक्षर नाही म्हणून यादीत नाही.

राइट क्लिक केलं, तर विचारतो, कोणतं अक्षर देऊ? आमच्याकडे बारशाला हा घोळ असायचा. मामेबहिणीला रोहिणीचा चौथा चरण आला. ओ, वा, वी, वू. वाट्याला वू. वू वरून काय ठेवणार? गुरुजी म्हणाले, जवळपासचं चालतं. मग आत्याने कुर्र करून कानात वृंदा सांगितलं. इथे मीच गुरुजी, मीच आत्या. ए आणि बी कुणाला सुचत नाहीत, कारण ती फ्लॉपीची अक्षरं. फ्लॉपी जाऊन जमाना झाला, तरी घरातली मोजणी अजून सी पासून सुरू होते. वारलेल्या थोरल्या भावंडांचे पाट भिंतीशी तसेच टेकवून ठेवावेत तशी ही दोन अक्षरं. मी एफ दिलं. जुन्या लॅपटॉपवर ती एफ होती, आणि म्हाताऱ्या बाईचं नाव कशाला बदलायचं.

एफ यादीत आली. एक टीबीची म्हणून घेतलेली, ९३१ जीबी दाखवणारी. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच त्यातला फरक. पायली गावोगावी वेगळी भरायची तेव्हा कुणी तक्रार करत नसे. १९५६ साली आयबीएमने पहिली डिस्क केली ती टनाहून जड होती. दोन-दोन फुटी पन्नास तबकड्या, आणि मावायचं सगळं मिळून पाचेक एमबी. माझ्या फोनमधला एखादा चहाच्या कपाचा फोटो तिच्यात बसला नसता.

तर एफ उघडली. 'फोटो' या फोल्डरवर क्लिक केलं. पडद्यावर चौकट: या फोल्डरमध्ये जाण्याची तुम्हाला परवानगी नाही.

माझेच फोटो. माझ्याच हाताने केलेला फोल्डर. याचंही कारण साधं आहे. फोल्डरचा मालक म्हणून जुन्या लॅपटॉपवरचा मी नोंदलेला. नव्या लॅपटॉपवरचा मी नाव तेच सांगत असलो तरी तिच्या लेखी उपरा. खाली 'कंटिन्यू' असं बटण होतं, तेही दाबलं की प्रश्न मिटतो. पण मी काही वेळ दाबलं नाही.

आजोळच्या घरात ओटी, मग माजघर, आणि माजघराच्या डाव्या अंगाला कोठीची खोली. तिला खिडकी नव्हती. वर कौलांत एक काचेचं कौल होतं, त्यातून उन्हाचा एक चौकोन खाली पडायचा. मे महिन्यात दुपारी आजी कमरेचा जुडगा काढून कुलूप उघडायची तेव्हा आम्ही सगळी भावंडं उंबऱ्याच्या अलीकडे ओळीने. आजी सोवळ्यात. "बघायचं. हात लावायचा नाही. डोळ्यांनी खा." तो उन्हाचा चौकोन कुठे पडलाय त्यावर आज काय दिसणार ते ठरायचं. कधी दादरा बांधलेल्या लोणच्याच्या बरण्या, कधी आंब्याच्या साठांची चळत, कधी नुसताच कुळथाचा डबा. कुळथाचा डबा दिसला की आम्ही हिरमुसायचो. फणसपोळी कुठल्या कोपऱ्यात असते हे सगळ्यांना वासावरून ठाऊक होतं, पण तिच्यावर ऊन पडलेलं मी कधी पाहिलं नाही. आजी हातात जे येईल ते आणून उंबऱ्यावरून, वरूनच, आमच्या तळहातांवर टाकायची. कोठीत मी एकदाही पाय ठेवलेला नाही.

आजी १९९४ साली गेली. जुडगा मामीकडे आला. मामी वाईट नव्हती. उलट फारच चांगली. त्या वर्षी दिवाळीला मावशी माहेरी आली होती. कशाला तरी आमसुलं हवी होती, तर मावशी उठली, सवयीने माजघरातून डावीकडे वळली आणि कोठीच्या दाराशी थांबली. दार उघडंच होतं, मामी आत होती. मावशीने चौकटीवर हात ठेवला आणि म्हणाली, "येऊ का गं आत?"

मामी इतकी गडबडली की तिच्या हातातलं माप खाली पडलं. "अहो वन्सं, विचारताय काय!"

मावशी आत गेली, आमसुलं घेऊन आली, सोलकढी झाली, सगळे जेवले. पण उंबरा ओलांडताना तिने पाय जरा जास्त उचलला होता. परक्याच्या घरात आपण उचलतो तसा. मी माजघरात पाटावर बसलो होतो, मला बरोबर दिसलं.

असो. कंटिन्यू दाबलं. वर हिरवी पट्टी गोगलगायीसारखी सरकली आणि फोल्डर उघडला.

आत काय असणार? जे सगळ्यांच्या डिस्कवर असतं ते. 'कॅमेरा', 'कॅमेरा नवा', 'न्यू फोल्डर ३', 'जुनं सगळं', आणि त्याच्या आत परत एक 'जुनं सगळं'. लाइट बिलाचा स्कॅन. एकाच सूर्यास्ताचे एकोणतीस फोटो. कुणाच्या तरी मुंजीत मी पाठमोरा. शेवटी सापडलं: मे २००६, दोन दिवस, सत्तावीस फोटो. तेव्हाचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा, त्यामुळे सगळं किंचित धुरकट.

फणस. फणसाखाली कुत्रा. समोरच्यांचं घर. समोरच्यांची म्हैस. पाणंद. पाणंदीतून येणारा पोस्टमन, हललेला. विहिरीवरचा रहाट. मामा, खळ्यात, उन्हामुळे डोळे बारीक. पुन्हा फणस. मी सत्तावीसच्या सत्तावीस पाहिले, मग उलट पाहिले. घराचा एकही फोटो नव्हता.

मग आठवलं. ते दोन दिवस मी ओटीवरच्या झोपाळ्यावरून उठलोच नव्हतो. तिथे बसून जे दिसलं ते काढलं. घर पाठीमागे होतं.

त्यातल्या त्यात एक बरा होता. समोरच्या घराचा, पण डाव्या कोपऱ्यात आपल्या ओटीच्या कठड्याचा वीतभर तुकडा आलेला. तो मावशीला पाठवला. खाली काय लिहावं कळेना, काहीच लिहिलं नाही.

मग डिस्क काढायला घेतली. सुरक्षित काढा वर क्लिक, आता काढायला हरकत नाही अशी परवानगी येईपर्यंत थांबायचं, मग मनात पाच म्हणायचे, मग वायर. भाचा म्हणतो, मामा, विंडोजने २०१८ पासूनच ही गरज ठेवलेली नाही, काही लिहिलं जात नसेल तर सरळ ओढ. असेल. माझ्या पानाभोवती अजून चित्राहुती पडतात, त्याही कुणी मागितलेल्या नाहीत.

वायर गुंडाळून डब्यात ठेवतोय तोवर फोन. साडेदहा वाजून गेले होते. मावशी या वेळेला जागी नसते.

"कठडा दिसला रे," ती म्हणाली. "त्याला ती खाच आहे ना, तिथे अण्णा अडकित्ता अडकवायचे. मी मोठं करून बघितलं. आहे ती खाच." मग थोडा वेळ नुसता तिच्या घरातल्या पंख्याचा आवाज. "बाकीचे पण पाठव ना. कोठीचा आहे का रे एखादा?"

कोठीचा नव्हता. सत्तावीस फोटो मी दोनदा पाहिले होते, आणि कोठीचा फोटो कोण काढतो? त्या खोलीत फ्लॅशशिवाय काही आलंही नसतं.

"बघतो," म्हटलं, आणि डब्यातली वायर परत काढली. टिंग झालं.