सफरचंदाचं कुणाला सांगितलं नव्हतं

शुक्रवार, रात्री ११

सकाळी मावशी गॅलरी झाडता झाडता थांबल्या. "दादा, हे गेलं वाटतं. गेल्या वर्षी तर नवरीसारखं सजलं होतं." आणि परत झाडायला लागल्या. बास, एवढंच. पण दिवसभर डोक्यात तेच.

गेलेलं नाहीये ते. जातंय. एक्मिया हे कुंडीतलं शोभेचं झाड, त्याचं असंच असतं. एका झाडाला एकदाच फुलोरा, मग बुंध्याशी पिल्लं धरतात आणि आई सावकाश वाळत जाते, वर्ष लागतं, कधी दोन. केळीसारखंच. ब्रोमेलियाड, म्हणजे ह्याच कुळातली माझी झाडं, दाखवायला गॅलरीत नेलं की मी हे प्रत्येकाला ऐकवतो. मावशींना का नाही ऐकवलं? कारण मग सफरचंदाचंही सांगावं लागलं असतं, आणि ते नीता सोडून कुणालाच माहीत नाही.

तीन वर्षं नुसती पानंच होती. रुपेरी पट्ट्यांची, कडेला काटे, मधल्या पेल्यात पाणी. देखणं होतं, नाही असं नाही. पण मेमध्ये सगळे येणार होते आणि मला फूल हवं होतं. मग फेब्रुवारीत एका रात्री कुंडी आडवी करून पेल्यातलं पाणी ओतून टाकलं, एक पिकलेलं सफरचंद शेजारी ठेवलं आणि वरून पिशवी घालून तोंड बांधलं. दहा दिवस. पिकत्या फळातून इथिलीन सुटतो, झाडाला वाटतं वेळ झाली. आजीच्या आंब्याच्या अढीत तोच वायू. अननसवाले तर इथ्रेल, म्हणजे इथिलीन सोडणारं औषध, मारून अख्खा मळा एकदम फुलोऱ्यावर आणतात, आणि अननस ह्याच कुळातला. म्हणजे हे पाप काही माझ्या एकट्याचं नाही.

मेमध्ये तुरा आला. गुलाबी, खरखरीत, आणि त्यात शेंगदाण्याएवढी निळी-जांभळी फुलं. काका म्हणाले, "ह्याच्या हाताला गुण आहे." मी हसलो. तेच हसणं आज सारखं आठवतंय. नुसतं "सफरचंदाची करामत आहे हो" म्हणायला काय जात होतं?

तसं बघितलं तर फुललं असतंच कधीतरी, आणि फुलून वाळलंही असतं. पण मी त्याचं एखाद वर्ष खाल्लं. नीता म्हणाली, "तुला सगळ्याचीच घाई." सगळ्याची म्हणजे कशाकशाची, ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. रोहनचा विषय निघाला असता.

संध्याकाळी सुरी घेऊन बसलो होतो. तीन पिल्लं आहेत, त्यातलं एक आईच्या निम्म्यावर आलंय, म्हणजे वेगळं करायला हरकत नाही. खालची दोन पानं ओढली तर हातात आली, कागदासारखी. आत पिल्लाचं बूड आईला घट्ट चिकटलेलं. सुरी परत ओट्यावर ठेवून आलो. आणखी महिनाभर पिऊ दे की तिच्या जिवावर. ह्या वेळी तरी मला घाई नाही, असं नीताला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. ती कुकर लावत होती.

बाकी मंडळी मजेत आहेत. ग्रिलमधल्या निओरेगेलिया, ह्याही ब्रोमेलियाडच, लालभडक झाल्यात. सतरा कुंड्या म्हणजे सतरा पेले पाणी. परवा डास तपासणीवाला प्रत्येकात बॅटरी मारून बघत होता, माझ्याकडे बघायची नजर मात्र अशी की मी डासच पाळलेत. आता दर रविवारी पाइप लावून सगळे पेले धुतो. आमच्या घरचा कोरडा दिवस.

तीन पिल्लं ठेवणार कुठे हा प्रश्नच आहे. एक मावशींना विचारून झालं, जाताना. म्हणाल्या, "अननस लागतो का?" लागत नाही म्हटल्यावर चप्पल घालून गेल्या.

नीताने येताना किलोभर सफरचंदं आणली. "खायला आणलीत," फ्रीजमध्ये लावताना म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.