वडिलांच्या नावासाठी तीन फॉर्म: लष्करी पिस्तूल विकत घेताना

पिस्तूल आलं त्याला आता काही वर्षं झाली. तरी त्या दुकानावरून गाडी गेली की अजून माझं डोकं तापतं. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. अमेरिकेत राहणाऱ्या आणि नेमबाजीचा नाद असलेल्या मराठी माणसाला याचा नक्की उपयोग होईल.

मी मूळचा कोल्हापूरचा. कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल हाताळली, तेव्हापासून हा नाद. ऑगस्ट 2018 मध्ये आमच्या राही सरनोबतनं इंडोनेशियात पालेम्बांगला आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण मारलं. मी इकडे ओहायोत रात्र जागून ते बघितलं. दोन आठवड्यांच्या आतच, 4 सप्टेंबरला, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्रॅमनं म्हणजे सीएमपीनं (लष्कराची जुनी शस्त्रं नागरिक नेमबाजांना विकणारी संस्था) लष्कराच्या जुन्या 1911 पिस्तुलांसाठी अर्ज घ्यायला सुरुवात केली.

ब्राउनिंगच्या डिझाइनचं हे पॉइंट फोर-फाइव्हचं पिस्तूल अमेरिकन सैन्यानं 1911 मध्ये घेतलं आणि 1985 मध्ये बेरेटा येईपर्यंत तेच मुख्य पिस्तूल राहिलं. उरलेली गोदामात पडून होती. त्यातली पहिल्या वर्षी आठ हजार सीएमपीला मिळणार होती आणि अर्ज आले जवळजवळ एकोणीस हजार. प्रत्येक अर्जाला सोडतीनं नंबर.

अर्जाची जुळवाजुळव अवघड नाही, चिकाटी लागते. नागरिकत्वाचा पुरावा, सीएमपीशी संलग्न क्लबचं सदस्यत्व, नेमबाजी करत असल्याचा दाखला (मी ओहायोतल्याच कॅम्प पेरी या नेमबाजी केंद्रातल्या प्रशिक्षणाचा जोडला), नोटरीची सही आणि परवानाधारक दुकानदाराच्या परवान्याची प्रत. संग्राहकांचा वेगळा परवाना असतो, तो इथं चालत नाही. पिस्तूल दुकानातच येतं. यादीत पिस्तुलाच्या अवस्थेनुसार, चांगल्यापासून झिजलेल्यापर्यंत, किमती होत्या: सर्व्हिस ग्रेड 1,050 डॉलर, फील्ड 950, रॅक 850. माझा नंबर लागला दहा हजारांच्या पुढचा. फोन आला फेब्रुवारी 2020 मध्ये. मी फील्ड ग्रेड सांगितली, सीएमपीनं त्यांच्या बाजूनं माझी पार्श्वभूमी तपासणी केली, ती सुरळीत पार पडली, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात पिस्तूल दुकानात पोचलं.

इथून पुढं रखडपट्टी.

दुकानात पिस्तूल हातात पडण्याआधी 4473 नावाचा फॉर्म भरायचा असतो आणि एफबीआयकडे परत तपासणी होते. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड (द्या), डिले (थांबा) किंवा डिनाय (देऊ नका). आता आपली नावाची रीत बघा. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. माझ्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण आहे. ड्रायव्हिंग लायसनवर मात्र त्यांचं फक्त आद्याक्षर. सीएमपीच्या अर्जात मी पूर्ण नाव लिहिलं होतं. दुकानातल्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, "लायसनवर आहे तेच लिहा, अक्षर लिहा आणि पुढं आयओ टाका." आयओ म्हणजे अधिकृत नावातच फक्त आद्याक्षर आहे. मी म्हटलं, तसं नाहीये, हे माझ्या वडिलांचं नाव आहे, पासपोर्ट बघा. त्यानं पासपोर्ट हातातसुद्धा घेतला नाही. मागं रांग लागली होती. मी सही केली. ती करायला नको होती.

डिले.

कायद्यानं तीन कामकाजाचे दिवस उलटून गेले आणि उत्तर आलं नाही, तर दुकानदार पिस्तूल देऊ शकतो. देऊ शकतो, द्यायलाच हवं असं नाही. या दुकानाचा नियम, प्रोसीड आल्याशिवाय देणार नाही. नियमाबद्दल माझी तक्रार नाही. पण हा नियम आधी कुणी सांगितला नव्हता. दुकान ठरवताना लोक फी विचारतात. त्याआधी हा प्रश्न विचारा. तेव्हा देशभर बंदुकांसाठी झुंबड उडाली होती, मार्च 2020 मध्ये एफबीआयकडे सदतीस लाखांहून जास्त तपासण्या झाल्या. म्हणून मीही धीर धरला. आठवड्यातून दोनदा फोन करायचो. "अजून काही नाही," एवढंच उत्तर.

एक तपासणी तीस दिवसच चालते. एप्रिलच्या मध्यात तोच माणूस म्हणाला, मुदत संपली, नवा फॉर्म भरा, फी परत पस्तीस डॉलर. मी पुन्हा पूर्ण नावाचं काढलं. "लायसन बदलून आणा." करोनामुळं लायसनची कार्यालयं बंद! हे त्यालाही माहीत होतं. पुन्हा आद्याक्षर, पुन्हा आयओ, पुन्हा डिले. काचेच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, माझ्या नावाची चिठ्ठी लावलेली पेटी दिसत होती. दीड वर्ष वाट बघितलेली वस्तू समोर आणि मधे काय, तर माझ्या बाबांचं नाव. डिले का झाला हे एफबीआय सांगत नाही, त्यामुळं भांडायचं तरी कशावर?

त्या रात्री मी फॉर्म ओळन् ओळ वाचला. नावाच्या रकान्यात स्वच्छ लिहिलेलं आहे: पूर्ण नाव लिहावं, आणि कायदेशीर नावातच फक्त आद्याक्षर असेल तर पुढं आयओ. ती पानं छापली, त्या ओळीवर पिवळी रेघ मारली, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात काउंटर सोडून थेट मालकाला भेटलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं, पासपोर्ट बघितला आणि म्हणाले, "पूर्ण नाव लिहा." तिसरा फॉर्म. मी बाबांचं नाव एकेक अक्षर सुटं, ठळक लिहिलं. दहा मिनिटांत प्रोसीड. डिले नेमका नावामुळंच होता हे कागदावर सिद्ध करता येणार नाही, पण मला शंका नाही.

सांगायचं राहिलं: वारंवार डिले येत असेल तर एफबीआयकडे बोटांचे ठसे देऊन स्वतःचा युपिन नावाचा वैयक्तिक ओळख क्रमांक मागता येतो. तो 4473 वर लिहायची जागा असते. मी नंतर घेतला, त्यानंतर एकदाही अडकलो नाही. आधीच घ्यायला हवा होता. आणि लायसनवरचं नाव आजच तपासा, कार्यालयं उघडी आहेत तोवर.

घरी येऊन पेटी उघडली. राखाडी-हिरवट मुलामा कडांना झिजून पांढरा पडलेला, तपकिरी प्लॅस्टिकची मूठ, डाव्या बाजूला एफजेए ही तपासनिसाची अक्षरं. नळी हाय स्टँडर्ड कंपनीची. लष्करी कारखान्यांत दुरुस्तीला गेलेल्या पिस्तुलांचे भाग असे मिसळलेलेच असतात, त्यानं नाराज होऊ नका. स्लाइड तिरकी धरून दिव्याखाली वाचलं: रेमिंग्टन रँड, सिराक्यूज, न्यूयॉर्क. टाइपरायटरवाली कंपनी! दुसऱ्या महायुद्धात यांनीच ही पिस्तुलं सर्वांत जास्त बनवली. बाबांनी तीस वर्षं टायपिंगचे क्लास घेतले, रेमिंग्टनच्याच मशीनवर. त्या स्लाइडचा फोटो मी त्यांना तिथल्या तिथं पाठवला.

रेंजवर नेण्याआधी रिकॉइल स्प्रिंग नवी घातली, जुनी दमलेली असते. साध्या 230 ग्रेनच्या गोळ्यांनी 25 यार्डांवर पहिल्या सात फैरी मारल्या. पाच काळ्या वर्तुळात. कॅम्प पेरीला जुन्या लष्करी पिस्तुलांची स्पर्धा असते; तिच्या नोंदणीतही मी मधलं नाव पूर्ण लिहिलं.